थंडरबर्ड, जुनं आउटलुक आणि जीमेल: ॲप पासवर्ड नेमका कुठे लागतो?

जमाखर्च

नमस्कार मंडळी. कर सल्लागाराच्या ऑफिसातली मेलची मांडणी नव्याने करायची आहे, त्याबद्दल जाणकारांचं मत हवंय.

तीन संगणक आहेत. दोघांवर विंडोज ११ आणि थंडरबर्ड या मेल प्रोग्रॅमची ताजी आवृत्ती, तिसऱ्यावर आउटलुक २०१३. त्याची जुनी पीएसटी फाइल (साठवलेली मेल) आणि मेल लावण्याचे नियम सोडवत नाहीत म्हणून ते अजून ठेवलंय. खाती चार: ऑफिसचं मुख्य जीमेल, एक जुनं हॉटमेल, एक याहू आणि साहेबांचं आयक्लाउड. शिवाय टॅलीप्राइममधून बिलं मेलने जातात आणि स्कॅनर-प्रिंटरवरून कागद थेट मेल करायचे असतात.

जीमेलला टू-स्टेप व्हेरिफिकेशन सुरू केलं आहे. आउटलुक २०१३ मध्ये नेहमीचा पासवर्ड दिला की "ॲप्लिकेशन-स्पेसिफिक पासवर्ड रिक्वायर्ड" असा संदेश येतो. थंडरबर्डमध्ये ॲप पासवर्ड (एखाद्या प्रोग्रॅमसाठी गुगलकडून वेगळा काढलेला पासवर्ड) टाकायला गेलं की गुगलची लॉगिनची खिडकी उघडते आणि तिथे तो पासवर्ड चुकीचा ठरतो.

प्रश्न असे:
१) ॲप पासवर्ड सगळीकडे वापरायचा की काही ठिकाणीच?
२) एकच पासवर्ड तिन्ही संगणकांवर चालेल का?
३) हॉटमेल, याहू, आयक्लाउडचं काय?

---

तारायंत्र

तुमच्या पहिल्या प्रश्नातच निम्मं उत्तर आहे: काही ठिकाणीच. ज्या प्रोग्रॅमला ओऑथ२ (प्रोग्रॅमला पासवर्ड न देता मेल कंपनीच्या पानावर लॉगिन करून परवानगी देण्याची पद्धत) येतं तिथे ॲप पासवर्ड वापरू नका. ज्याला येत नाही त्याच्यासाठीच तो आहे.

थंडरबर्डला ओऑथ२ येतं. जीमेल खातं जोडताना ते आपणहून तीच पद्धत निवडतं, म्हणून गुगलची खिडकी उघडते. ती खिडकी म्हणजे साधं वेब लॉगिन. तिथे खात्याचा नेहमीचा पासवर्ड आणि त्यानंतर फोनवरची पुष्टी किंवा कोड द्यायचा. ॲप पासवर्ड वेब लॉगिनला कधीच चालत नाही, त्यामुळे तो तिथे चुकीचा ठरणारच. एकदा परवानगी दिली की थंडरबर्डकडे टोकन (परवानगीची डिजिटल खूण) राहतं, पासवर्ड राहत नाही. खिडकी कोरी दिसत असेल किंवा पुन्हा पुन्हा उघडत असेल तर थंडरबर्डच्या सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटीखाली कुकीज स्वीकारण्याचा पर्याय सुरू आहे का बघा. कुकीज बंद असतील तर ओऑथ२ पुढे सरकत नाही.

आउटलुक २०१३ ला जीमेलसाठी ओऑथ२ येत नाही. पूर्वी गुगलमध्ये "लेस सिक्युअर ॲप्स" असं एक बटण होतं, ते सुरू केलं की नेहमीचा पासवर्ड चालायचा. वैयक्तिक खात्यांसाठी ती सोय ३० मे २०२२ पासून बंद झाली. इंटरनेटवर अजून जुने लेख तेच बटण शोधायला सांगतात, त्यांच्या नादी लागू नका. आउटलुक २०१३ मध्ये ॲप पासवर्डच लागेल.

तो असा काढा. ब्राउझरमध्ये गुगल अकाउंट उघडा आणि वरच्या शोधपट्टीत "ॲप पासवर्ड्स" टाका. सिक्युरिटीच्या पानावर ही जोडणी बऱ्याचदा समोर दिसत नाही, शोधूनच जावं लागतं. नाव विचारलं की "आउटलुक, मागचं टेबल" असं यंत्र ओळखू येईल असं नाव द्या. मग चार-चार अक्षरांच्या चार गटांत १६ अक्षरं दिसतील. ती एकदाच दिसतात. खिडकी बंद केली की पुन्हा बघता येत नाहीत, नवाच पासवर्ड काढावा लागतो.

इथे दोन गोष्टी हमखास नडतात. ब्राउझरमध्ये दोन-तीन जीमेल खाती एकदम उघडी असतील तर हे पान पहिल्या खात्याचं उघडतं. पासवर्ड निघतो एका खात्याचा आणि टाकला जातो दुसऱ्याला. वर उजवीकडचं चित्र कुणाचं आहे ते बघा, नाहीतर इनकॉग्निटो खिडकीत फक्त ऑफिसच्या खात्याने लॉगिन करा. दुसरी गोष्ट कॉपी-पेस्टची. गटांमधल्या मोकळ्या जागा गुगलला चालतात, पण त्या पानावरून उचललेली जागा कधी कधी नेहमीची स्पेस नसून न तुटणारी स्पेस असते. काही प्रोग्रॅम तिच्यावर अडतात. मोकळ्या जागा काढून सलग १६ अक्षरं द्या.

ॲप पासवर्ड्सचं पान "तुमच्या खात्यासाठी उपलब्ध नाही" म्हणत असेल तर कारण बहुधा यांपैकी एक असतं: टू-स्टेप सुरू नाही, टू-स्टेपला फक्त सिक्युरिटी की (लॉगिनसाठीचं छोटं उपकरण) लावली आहे, खातं ॲडव्हान्स्ड प्रोटेक्शन या गुगलच्या जास्त कडक सुरक्षेत आहे, किंवा ते कंपनीचं अथवा शाळेचं खातं असून ॲडमिनने ही सोय दिलेली नाही.

---

अबोली

तारायंत्र यांनी आउटलुकचे आकडे दिले नाहीत, ते मी देते.

आउटलुक २०१३ मध्ये फाइल, मग अकाउंट सेटिंग्ज, खात्यावर दोनदा क्लिक. युजर नेममध्ये पूर्ण पत्ता लिहा, @ च्या आधीचा भाग पुरत नाही. पासवर्डच्या जागी ॲप पासवर्ड, "रिमेंबर पासवर्ड"वर खूण.

येणारी मेल (आयमॅप पद्धत): आयमॅप डॉट जीमेल डॉट कॉम, पोर्ट ९९३, एसएसएल.
जाणारी मेल (एसएमटीपी पद्धत): एसएमटीपी डॉट जीमेल डॉट कॉम, पोर्ट ४६५ ला एसएसएल किंवा ५८७ ला टीएलएस.

ही जोडी मोडायची नाही. ५८७ ला एसएसएल निवडलं तर प्रोग्रॅम सुरुवातीपासूनच कूटबद्ध बोलायला लागतो, पण सर्व्हर आधी साध्या बोलण्याची वाट बघत असतो. मग जोडणीच जुळत नाही आणि पासवर्डवर उगाच संशय येतो.

"मोअर सेटिंग्ज"मध्ये आउटगोइंग सर्व्हरच्या टॅबवर "माय आउटगोइंग सर्व्हर रिक्वायर्स ऑथेंटिकेशन"वर खूण हवी आणि खाली येणाऱ्या मेलचेच तपशील वापरण्याचा पर्याय. ही खूण राहिली की मेल येते पण जात नाही. मग "नेक्स्ट" दाबल्यावर आउटलुक दोन चाचण्या करतं, एक लॉगिनची आणि एक चाचणी मेल पाठवण्याची. त्या दोन ओळी नीट वाचा. पहिली हिरवी आणि दुसरी लाल असेल तर पासवर्ड बरोबर आहे, दोष एसएमटीपीच्या खुणेत किंवा पोर्टमध्ये आहे. दोन्ही लाल असतील तरच पासवर्डकडे वळा.

संदेशांतला फरकही ओळखायला हवा. "ॲप्लिकेशन-स्पेसिफिक पासवर्ड रिक्वायर्ड", एसएमटीपीत ५३४ ५.७.९, याचा अर्थ तुम्ही नेहमीचा पासवर्ड दिलात आणि गुगलला ॲप पासवर्ड हवाय. "युजरनेम अँड पासवर्ड नॉट ॲक्सेप्टेड", म्हणजे ५३५ ५.७.८, याचा अर्थ दिलेली जोडी जुळत नाही: पासवर्ड दुसऱ्या खात्याचा, रद्द झालेला किंवा चुकीचा टाइप झालेला.

आपल्याकडच्या संगणकांवर टायपिंगची एक खास अडचण असते. मराठी कीबोर्ड सुरू राहतो आणि पासवर्डच्या चौकटीत तर नुसते ठिपके दिसतात. टाकण्याआधी टास्कबारवर "इंग" आहे का बघा. ॲप पासवर्डची सगळी अक्षरं लहान लिपीतली असतात, म्हणून कॅप्स लॉकही बघून घ्या.

---

जमाखर्च

दोघांचे आभार. थंडरबर्डमध्ये ओऑथ२ वापरतो. पण एका संगणकावर थंडरबर्डला ॲप पासवर्डच द्यायचा ठरवला तर तसं करता येतं का? तिथे बसणाऱ्या सहकाऱ्याला ऑफिसच्या खात्याचा मुख्य पासवर्ड सांगायचा नाहीये.

---

तारायंत्र

येतं, आणि कारण रास्त आहे. पण ओऑथ२ सुद्धा तुम्ही स्वतः त्या संगणकावर बसून एकदा लॉगिन करून देऊ शकता. सहकाऱ्याला पासवर्ड कळत नाही. थंडरबर्डची ती खिडकी ब्राउझरसारखा पासवर्ड जपूनही ठेवत नाही.

तरी ॲप पासवर्डच हवा असेल तर दोन ठिकाणी बदल करा. अकाउंट सेटिंग्जमध्ये त्या खात्याच्या सर्व्हर सेटिंग्जवर "ऑथेंटिकेशन मेथड" ओऑथ२ वरून "नॉर्मल पासवर्ड" करा. मग डाव्या यादीत अगदी तळाला "आउटगोइंग सर्व्हर" असतं, तिथे जीमेलच्या एसएमटीपीवर "एडिट" दाबून तिथेही "नॉर्मल पासवर्ड". लोक पहिलं बदलतात आणि तळाचं विसरतात. "एन्क्रिप्टेड पासवर्ड" नाव ऐकून सुरक्षित वाटतं म्हणून निवडू नका. ती वेगळी पद्धत आहे आणि जीमेल ती देत नाही. "नॉर्मल" म्हटलं तरी पासवर्ड उघडा जात नाही, कारण आख्खी जोडणीच एसएसएलमधून जाते.

आता नॉर्मल पासवर्ड वापरताना ज्याकडे लक्ष द्यायचं ते. थंडरबर्डच्या सेटिंग्जमध्ये "सेव्ह्ड पासवर्ड्स" उघडून "शो पासवर्ड्स" दाबलं की तो पासवर्ड कुणालाही वाचता येतो. आणि ॲप पासवर्डला टू-स्टेपचा कोड लागत नाही, त्याचा उपयोगच तो आहे. म्हणजे ती १६ अक्षरं ज्याच्या हाती गेली तो दुसऱ्या संगणकावरून आयमॅपने सगळी मेल वाचू शकतो, फोनवर तुम्हाला काही न विचारता. म्हणून "युज अ प्रायमरी पासवर्ड"वर खूण करून तिथे एक मजबूत पासवर्ड ठेवा. थंडरबर्ड सुरू झालं की तो एकदा विचारला जातो. प्रोफाइलचा (थंडरबर्डची मेल आणि सेटिंग्ज असलेल्या फोल्डरचा) बॅकअप पेनड्राइव्हवर घेत असाल तर पासवर्डच्या दोन्ही फायली, लॉगिन्स आणि की-फोर, त्यातच असतात. प्रायमरी पासवर्ड नसेल तर तो पेनड्राइव्ह म्हणजे खात्याची किल्लीच.

आता तुमचा दुसरा प्रश्न. एकच ॲप पासवर्ड तिन्हीकडे चालतो, गुगल अडवत नाही. पण तसं करू नका. दर यंत्राला वेगळा ठेवला तर एक संगणक विकला किंवा कुणी नोकरी सोडून गेलं की तेवढाच रद्द करता येतो, बाकीच्यांना धक्का नाही. रद्द केल्यावर नवी मेल थांबते. त्या संगणकावर आधीच उतरलेली मेल मात्र तिथेच असते, ती वेगळी पुसावी लागते.

आणि गुगल खात्याचा मुख्य पासवर्ड बदलला की सगळे ॲप पासवर्ड रद्द होतात. ऑफिसात कुणी पासवर्ड बदलला आणि त्याच दिवशी आउटलुक, टॅली, प्रिंटर सगळेच बंद पडले तर आधी हे कारण बघा. नेट किंवा सर्व्हर शोधत बसू नका.

---

पोस्टपेटी

तिसऱ्या प्रश्नाचं मी सांगतो. ही तीन खाती तीन वेगळ्या तऱ्हेची आहेत.

हॉटमेल: इथे ॲप पासवर्डचा विषय संपला. मायक्रोसॉफ्टने १६ सप्टेंबर २०२४ पासून आउटलुक डॉट कॉम, हॉटमेल, लाइव्ह या वैयक्तिक खात्यांसाठी नुसत्या नाव-पासवर्डाने पॉप (मेल उतरवून घेण्याची जुनी पद्धत), आयमॅप, एसएमटीपी चालवणं बंद केलं. ॲप पासवर्डही त्यातच आला. तेव्हा आउटलुक २०१३ मधून आयमॅपने हॉटमेल जोडण्याच्या मागे लागू नका. थंडरबर्डमध्ये जोडा: ऑथेंटिकेशन मेथड दोन्हीकडे ओऑथ२, येणारी मेल आउटलुक डॉट ऑफिस३६५ डॉट कॉम, पोर्ट ९९३. जाणारीला पोर्ट ५८७, स्टार्टटीएलएस. लॉगिन होऊनही जोडणी नाकारली गेली तर वेबवर त्या खात्याच्या सेटिंग्जमध्ये "फॉरवर्डिंग अँड आयमॅप" उघडून तिथे प्रवेश सुरू आहे का पाहा.

याहू: इथे उलट आहे. २० ऑक्टोबर २०२० पासून ओऑथ न येणाऱ्या प्रोग्रॅमना ॲप पासवर्ड सक्तीचा आहे आणि तो छान चालतो. अकाउंट सिक्युरिटीच्या पानावर "जनरेट ॲप पासवर्ड", नाव द्या, १६ अक्षरं मिळतील. येणारी मेल आयमॅप डॉट मेल डॉट याहू डॉट कॉम, ९९३. जाणारी एसएमटीपी डॉट मेल डॉट याहू डॉट कॉम, ४६५, एसएसएल. आउटलुक २०१३ ला हे खातं बिनधास्त द्या.

आयक्लाउड: ॲपल अकाउंटच्या वेबपानावर "साइन-इन अँड सिक्युरिटी", त्यात "ॲप-स्पेसिफिक पासवर्ड्स". खात्याला टू-फॅक्टर ऑथेंटिकेशन असलंच पाहिजे. चार-चार अक्षरांचे चार गट मिळतात, मध्ये आडव्या रेघांसह, आणि जसे दिसतात तसेच द्यायचे. एका वेळी २५ पर्यंत ठेवता येतात. इथेही मुख्य पासवर्ड बदलला की सगळे रद्द.

आयक्लाउडमध्ये युजर नेमचा एक घोळ आहे. आयमॅपला, म्हणजे आयमॅप डॉट मेल डॉट मी डॉट कॉम, पोर्ट ९९३ ला, @ च्या आधीचा भागच द्यायचा. तो नाही चालला तर पूर्ण पत्ता देऊन बघायचा. एसएमटीपी डॉट मेल डॉट मी डॉट कॉमला मात्र पूर्ण पत्ताच. तिथे पोर्ट ५८७ आणि स्टार्टटीएलएस, आउटलुकच्या भाषेत "टीएलएस". त्यामुळे आउटलुकमध्ये "येणाऱ्या मेलचेच तपशील वापरा" हा पर्याय न घेता जाणाऱ्या मेलसाठी नाव-पासवर्ड वेगळा लिहावा लागतो. अबोलीताईंनी वर जीमेलसाठी सांगितलेलं इथे जसंच्या तसं उचललंत तर मेल येईल, जाणार नाही. आयक्लाउडला पॉप नाही, ते शोधत बसू नका.

साहेबांचा ॲपल पासवर्ड आणि फोन त्यांच्याकडेच असू द्या. त्यांनी स्वतः ॲप-स्पेसिफिक पासवर्ड काढून तुमच्या संगणकावर टाकला तर पुढे कुणाला काही विचारावं लागत नाही.

---

अबोली

तीन संगणक आणि फोन मिळून एकाच जीमेलवर आहेत, म्हणून पासवर्डशी संबंध नसलेली पण पासवर्डसारखीच वाटणारी एक अडचण सांगते. जीमेल एका खात्याला एका वेळी १५ आयमॅप जोडण्या देतं. थंडरबर्ड मुळात एका खात्यासाठी ५ जोडण्यांपर्यंत उघडून ठेवतं. दोन थंडरबर्डच्या १०, त्यावर आउटलुक आणि दोन-तीन फोन. मर्यादा गाठायला वेळ लागत नाही. मग "टू मेनी सायमल्टेनियस कनेक्शन्स" येतं, काही वेळा पासवर्डही पुन्हा विचारला जातो आणि माणूस चालू पासवर्ड पुसून नवा काढायला जातो. दोन्ही थंडरबर्डमध्ये सर्व्हर सेटिंग्ज, ॲडव्हान्स्ड इथे हा आकडा ५ चा २ करा. कामात काही फरक पडत नाही.

तसंच पहिल्या दिवशी सगळी जुनी मेल तिन्ही संगणकांवर एकदम उतरवू नका. गुगल वर्कस्पेसच्या (कंपन्यांसाठीच्या जीमेलच्या) कागदपत्रांत आयमॅपने उतरवण्याची मर्यादा दिवसाला २५०० एमबी दिली आहे, आणि ती ओलांडली तर खातं काही काळ आयमॅपसाठी अडवलं जातं. थंडरबर्डमध्ये "सिंक्रोनायझेशन अँड स्टोरेज"मध्ये अलीकडच्या ९० दिवसांचीच मेल ठेवा. जीमेलच्या वेबवर लेबल्सच्या सेटिंग्जमध्ये "ऑल मेल"समोरची "शो इन आयमॅप" खूण काढली की तीच मेल दोनदा उतरणंही थांबतं.

पाठवलेल्या मेलची प्रत जीमेल स्वतःच ठेवतं. थंडरबर्डमध्ये "कॉपीज अँड फोल्डर्स"मधली प्रत ठेवण्याची खूण काढा, नाहीतर पाठवलेली प्रत्येक मेल दोनदा दिसेल.

---

जमाखर्च

हे जोडण्यांचं गणित फार उपयोगी. टॅली आणि प्रिंटर तेवढे राहिले. त्यांनाही ऑफिसच्या जीमेलचाच ॲप पासवर्ड द्यावा का?

---

तारायंत्र

टॅलीला द्या, प्रिंटरला देऊ नका.

टॅलीप्राइमच्या ई-मेलच्या सेटिंगमध्ये सर्व्हर जीमेलचा, पोर्ट ४६५, एसएसएल "येस", युजर नेम पूर्ण पत्ता आणि टॅलीसाठी काढलेला वेगळा ॲप पासवर्ड. वैयक्तिक जीमेलला दिवसाला ५०० मेलची मर्यादा आहे. थकबाकीची पत्रं सगळ्या क्लायंटना एकाच संध्याकाळी पाठवत असाल तर ती लक्षात ठेवा. मर्यादा ओलांडली की पाठवणं २४ तासांपर्यंत थांबू शकतं आणि त्यात ऑफिसची रोजची मेलही अडकते. जोडपत्रांची मर्यादा २५ एमबी आहे, पण मेलमध्ये फाइल बेस६४ मध्ये (साध्या अक्षरांच्या रूपात) बदलून जाते आणि सुमारे एक तृतीयांशाने फुगते. त्यामुळे १८ एमबीच्या पुढची पीडीएफ पाठवू नका.

प्रिंटरचं वेगळं आहे. त्याचं सेटिंगचं पान ऑफिसच्या वायफायवरच्या कुणालाही ब्राउझरमध्ये उघडता येतं, आणि बऱ्याच ठिकाणी ॲडमिनचा पासवर्ड कारखान्यातून आलेलाच असतो. त्या पानात ऑफिसच्या मुख्य मेलचा ॲप पासवर्ड ठेवणं म्हणजे क्लायंटचे पॅन, फॉर्म १६, बँकेची विवरणपत्रं वाचायची वाट उघडी ठेवणं. स्कॅनसाठी वेगळं जीमेल खातं काढा, त्याला टू-स्टेप लावा, त्याचाच ॲप पासवर्ड प्रिंटरला द्या. "फ्रॉम"च्या जागी त्याच खात्याचा पत्ता लिहा. त्या खात्यात दुसरं काहीच नसतं, त्यामुळे पासवर्ड फुटला तरी नुकसान स्कॅनच्या पाठवलेल्या प्रतींपुरतं. आणि त्या प्रतीही आठवड्याला पुसत जा.

---

पोस्टपेटी

प्रिंटरबाबत पुरवणी. पासवर्ड बरोबर असूनही "ऑथेंटिकेशन फेल्ड" किंवा "कनेक्शन एरर" येत असेल तर आधी प्रिंटरचं घड्याळ बघा. बरेच दिवस बंद राहिलेल्या यंत्राची तारीख मागे जाते आणि सर्व्हरचं प्रमाणपत्र त्याला अवैध वाटतं. तारीख लावून पुन्हा चाचणी करा. मग ५८७ स्टार्टटीएलएस आणि ४६५ एसएसएल दोन्ही करून बघा, जुन्या यंत्रांना कधी एकच जमतं. टीएलएस १.२ येत नसलेल्या यंत्राचं फर्मवेअर (आतलं सॉफ्टवेअर) अद्ययावत होत नसेल तर त्याच्याकडून मेल करून घेण्याचा नाद सोडा. संगणकावरच्या सामायिक फोल्डरमध्ये स्कॅन टाका आणि मेल थंडरबर्डमधून करा.

टू-स्टेप कुणाच्या फोनवर आहे तेही आजच ठरवून घ्या. गुगल ८ अंकी १० बॅकअप कोड देतं. ते छापून ऑफिसच्या कपाटात ठेवा, मेलमध्ये किंवा डेस्कटॉपवर नको. फोनवाला माणूस गावी गेलाय आणि नेमका त्या दिवशी नवा ॲप पासवर्ड काढायचाय, अशा वेळी त्यातला एक कोड वापरून पान उघडता येतं. वापरलेल्या कोडवर पेनाने काट मारा, तो पुन्हा चालत नाही.